अभयारण्याच्या फोटो स्पर्धेला यातला कोणता फोटो पाठवू?

मुक्कामाची_गाडी

नमस्कार मंडळी. इथं सहा-सात वर्षं नुसता वाचतोय, लिहायला आज बसलोय. प्रश्न फोटोचा आहे, पण मागचं थोडं सांगितल्याशिवाय कळणार नाही. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी एसटीत कंडक्टर आहे. नोकरीची सव्वीस वर्षं झाली, त्यातली अकरा राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट ह्या रस्त्यावर गेली. चार वर्षांपूर्वी एका ओळखीच्या फोटोग्राफरनं त्याचा जुना कॅनन आणि 55-250 ची लेन्स मला कमी पैशात दिली. तेव्हापासून साप्ताहिक सुट्टी असली की मी रानात.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो. त्यानिमित्त आमच्या भागात राधानगरी अभयारण्यावर फोटोंची स्पर्धा ठेवलीय. माणशी एकच फोटो. गट दोन आहेत, ‘वन्यजीव’ आणि ‘अधिवास’, त्यातला एक निवडायचा. येत्या रविवारी मुदत संपते. निवडलेले फोटो मोठे छापून आठवडाभर लावणार आहेत, गावोगावची शाळेची पोरं बघायला येणार आहेत. बक्षीस मिळालं तर आनंदच आहे, पण खरं सांगायचं तर त्या भिंतीवर आपला फोटो लागावा असं फार वाटतं. कारण हे रान नुसतं बघायला येणाऱ्यांचं नाही, त्याच्या कडेनं रोज जा-ये करणाऱ्यांचंही आहे.

बाहेरगावच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. कोल्हापूर संस्थानच्या काळात हे शिकारीसाठी राखलेलं रान. 1958 साली ‘दाजीपूर गवा अभयारण्य’ म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य ते हेच. 1985 साली हद्द वाढवून राधानगरी अभयारण्य झालं, आता 351 चौरस किलोमीटर आहे. 2012 साली पश्चिम घाटातल्या 39 जागा जागतिक वारसा म्हणून घेतल्या, त्यात महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली आणि आमचं राधानगरी. एवढं असूनही गाडीत बसलेला पाहुणा विचारतो, “मास्तर, इथं बघण्यासारखं काय आहे हो?” तेव्हा वाईट वाटतं.

आता फोटो.

पहिला. गव्याचा नर, एकटा. गेल्या फेब्रुवारीत गाईड घेऊन आत गेलो होतो तेव्हा सड्याच्या, म्हणजे खडकाळ पठाराच्या, कडेला उभा मिळाला. सकाळचं कोवळं ऊन, अंग काळंभोर चकाकतंय, पाठीवरचा उंचवटा, चारी पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. मागं पिवळं गवत, फोटोत दुसरं काही नाही. सगळं कसं धारदार आलंय, पापण्यांचे केससुद्धा मोजता येतात. घरी, डेपोत, ज्यानं बघितला त्यानं हाच पाठव म्हटलं.

दुसरा. हा ड्युटीवरचा. डिसेंबरात मुक्कामाची गाडी घेऊन घाटातल्या एका गावात होतो. पहाटे साडेपाचला निघालो. धुकं एवढं की ड्रायव्हर पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून हळूहळू चालवत होता. एका वळणाच्या पुढं त्यानं अचानक गाडी थांबवली, दिवे डिप केले आणि इंजिन बंद केलं. समोरून कळप रस्ता ओलांडत होता. आधी एक म्हातारी गाय आली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, आमच्याकडं बघत नाकानं जोरात फुसकारली आणि मग मागच्यांना वाट मिळाली. गाडीत नऊ जण होते. कुणीतरी दबक्या आवाजात मोजायला लागलं, दोन, तीन, चार... मग सगळेच मोजायला लागले. तेरापर्यंत आकडा गेला आणि कळप संपला असं वाटलं. मी दारातल्या पायरीवर उभा होतो, कॅमेरा पिशवीतून काढलेला होता. तेवढ्यात चौदावं आलं. तांबूस रंगाचं लहान पिल्लू, मागं राहिलेलं. ते दिव्यांच्या उजेडात येऊन थांबलं. त्याच्या नाकातून वाफ निघत होती, ती उजेडात दिसत होती. डांबर ओलं, त्यावर त्याचे खूर उमटत नव्हते पण आवाज येत होता, टक टक. मी तीनदा बटण दाबलं. मग ते उडी मारून खाली दरीकडच्या कारवीच्या झुडपांत गेलं.

तीनातला एकच बरा आला. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, 6400; शटर 1/40 सेकंद. रवाळ आहे, कडेला बसच्या आरशाचा तुकडा आलाय, कळपाचे मागचे पाय धुक्यात जेमतेम दिसतात. पण मी हा फोटो मोबाइलवर रोज एकदा तरी उघडतो.

तिसरा. इथं खरी अडचण आहे आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

स्वर्गीय नर्तक पक्ष्याचं घरटं. गेल्या मे महिन्यात सासुरवाडीच्या मागच्या ओढ्याला सापडलं. पुरुषभर उंचीवर, दोन बारीक फांद्यांच्या बेचक्यात, वाटीएवढं. कोळ्याच्या जाळ्यानं बाहेरून असं लिंपलेलं की फांदीचीच गाठ वाटावी. आत तीन अंडी, गुलाबीसर, तांबड्या ठिपक्यांची. नर बसला की त्याची दोन लांब पांढरी शेपटाची पिसं वाटीबाहेर रिबिनीसारखी लोंबायची. मादीही आळीपाळीनं बसायची. पण समोर करवंदीची एक फांदी आडवी येत होती. दोन दिवस मी ती आडवी फांदी धरून फोटो काढायचा प्रयत्न केला, जमेना. तिसऱ्या दिवशी ती ओढून सुतळीनं मागच्या झुडपाला बांधली. अर्ध्या तासात नर परत येऊन बसला आणि जो फोटो मिळाला तो मी आयुष्यात काढलेला सगळ्यात सुंदर फोटो आहे. काळं डोकं, निळी कड असलेला डोळा, पांढरं अंग, मागं ओढ्याचं हिरवं.

फांदी मी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी अजून काढीन म्हणून. दुसऱ्या दिवशी ड्युटी लागली. तिसऱ्या दिवशी गेलो तर घरटं रिकामं. अंडी नाहीत, टरफलं नाहीत, पक्षी नाहीत. दुपारचं ऊन थेट वाटीत पडत होतं. सुतळी तशीच ताणलेली होती, ती मी कापली आणि घरी आलो.

कावळ्यानं नेली असतील, सापानं नेली असतील, मी बांधली नसती तरी नेली असती कदाचित. मी काही बघितलेलं नाही. स्पर्धेच्या फॉर्मवर एक ओळ आहे, ‘छायाचित्र घेताना प्राणी-पक्ष्यांना अथवा त्यांच्या अधिवासाला कोणताही त्रास दिलेला नाही’, त्याखाली सही करायची. फोटोत सुतळी दिसत नाही. कुणालाही कळणार नाही.

तर सांगा. पहिला पाठवू की दुसरा? आणि तिसऱ्याचं काय करू?

---

सडा_आणि_सावली

दादा, तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तुम्हीही तिथंच अडला आहात.

पाठवू नका. तुम्ही लिहिलंय ‘कुणाला कळणार नाही’, पण ज्यानं पंधरा-वीस घरटी पाहिली आहेत त्याला फोटो बघताच कळतं. स्वर्गीय नर्तक घरटं सहसा असं उघड्यावर, ऊन थेट आत येईल असं बांधत नाही. वरून पानांचं छत असतं, समोरून एखादी फांदी आडवी असते, ती आपल्याला आडवी वाटते, त्याला ती भिंत असते. फोटोत पक्षी पूर्ण मोकळा, पानांची सावली नाही, आणि उजेड सगळीकडून सारखा, असं दिसलं की परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात: फांदी कुठं गेली?

ती फांदी काय काम करते ते सांगतो, म्हणजे पुढं तुम्हालाच दुसऱ्यांना सांगता येईल. मे महिन्यात आपल्याकडं दुपारी उघड्या वाटीत ऊन पडलं तर अंड्यांतला जीव तापून मरायला फार वेळ लागत नाही. पक्षी उबवायला बसतात तसेच सावली धरायलाही बसतात. दुसरं, कावळा आणि टकाचोर पक्षी घरटं शोधतात ते बऱ्याचदा माणसाच्या हालचालीवरून. आपण एकाच झुडपासमोर दोन-तीन दिवस तासन्‌तास उभे राहिलो की त्यांना ठिकाण कळतं. हे पक्षी पुष्कळदा कोतवाल पक्ष्याच्या घरट्याच्या आसपास आपलं घरटं करतात, कोतवाल कावळ्याला हुसकावतो म्हणून. एवढी सोय त्यांनी स्वतः करून ठेवलेली असते.

कायद्याचंही सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये ‘शिकार’ ह्या शब्दाची व्याख्या काढून वाचा. पक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं, हे त्या व्याख्येत येतं. म्हणजे हातात बंदूक नसली तरी कायद्याच्या भाषेत ती शिकार. मी हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. मी स्वतः 2009 साली बुलबुलाच्या घरट्याजवळची पानं कात्रीनं छाटली होती. पिल्लं जगली की नाही ते बघायला मी परत गेलोच नाही. तुम्ही निदान परत गेलात.

सहीच्या ओळीबद्दल. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची जी जगभर नावाजलेली वन्यजीव छायाचित्रांची स्पर्धा आहे, तिथंही असं घडलंय. 2017 साली ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानातला एक फोटो तिथं आपल्या गटात पहिला आला होता. रात्रीची वेळ, वाळवीचं वारूळ, त्यावर काजव्यांसारख्या चमकणाऱ्या अळ्या, आणि वारुळाशी आलेलं मुंगीखाऊ. अप्रतिम दृश्य. पुढं कुणीतरी कळवलं की ते मुंगीखाऊ त्याच उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशी ठेवलेल्या पेंढा भरलेल्या प्राण्यासारखं दिसतंय. तज्ज्ञांनी दोन्हींची ठेवण, केसांचे भोवरे, खुणा ताडून बघितल्या आणि 2018 च्या एप्रिलमध्ये फोटो बाद झाला. फोटोग्राफरनं आरोप नाकारला, पण बक्षीस गेलं. त्याआधी 2009 चा मुख्य विजेता, फाटकावरून उडी मारणारा लांडगा, तोही पाळीव असल्याच्या संशयावरून बाद झाला होता. आपली स्पर्धा तालुक्याची असली तरी सही तीच आहे.

पहिला की दुसरा, ह्यावर दुसऱ्यांनी बोलावं. मला पहिला आवडेल असं वाटतंय, गव्याचा एवढा स्वच्छ फोटो सहज मिळत नाही.

---

आजऱ्याची_लेक

काका, मला दुसरा. आणि का ते सांगते.

माझं माहेर आजरा तालुक्यात, आता पुण्यात असते. आमच्या शिवारात गवे येतात. भात पोटरीला आलं की येतात, उसात शिरतात. बाबांनी दोन वर्षं राखणीला रात्री खोपीत काढल्या. गवा म्हणजे पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो, तो शेतात नुसता चालला तरी वाफा आडवा होतो. पंचनामा, भरपाईचा अर्ज, सातबारा जोडा, फोटो जोडा, हे सगळं मी कॉलेजात असताना बाबांबरोबर केलंय. ‘फोटो जोडा’ म्हणजे तुडवलेल्या भाताचा. आमच्या घरात गव्याचे तेवढेच फोटो आहेत.

म्हणून गव्याचा पोस्टरसारखा एकटा नर बघितला की मला वाटतं, हा कुठं उभा आहे? हा फोटो मध्य प्रदेशातला असू शकतो, कर्नाटकातला असू शकतो. त्यात राधानगरी नाही. तुमच्या दुसऱ्या फोटोत रस्ता आहे, धुकं आहे, एसटी आहे, कारवी आहे आणि मोजणारी माणसं आहेत जी दिसत नाहीत. आमच्याकडच्या कुठल्याही पोरानं तो बघितला की लगेच म्हणेल, ही तर आमची गाडी.

अजून एक. हे रान एकटं नाही. वर चांदोली, कोयना, खाली तिलारी आणि पुढं गोव्यातलं म्हादई, ह्या सगळ्याला जोडणारा पट्टा आहे हा. जनावरं ह्याच पट्ट्यातून वर-खाली जातात आणि जाताना रस्ते ओलांडतात. रस्ता हा अभयारण्याच्या गोष्टीतला भाग आहे, फोटोतून पुसून टाकायची घाण नव्हे. तुमच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं ही त्या फोटोतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. प्रत्येक गाडीनं तसं केलं असतं तर!

त्या ड्रायव्हरना माझा नमस्कार सांगा.

---

पश्चिमवारा

मी वेगळं मत मांडतो. स्पर्धा आहे, परीक्षक फोटो बघतात, त्यामागची हकिकत नाही. 6400 चा रवाळ फोटो मोठा छापला की भिंतीवर वाळू टाकल्यासारखा दिसतो. आरशाचा तुकडा, कापलेले पाय. पहिला फोटो तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. काकांनी चार वर्षं मेहनत केलीय, ती पहिल्या फोटोत दिसते. मनाला भिडणारा फोटो घरी फ्रेम करून लावा, स्पर्धेला तयारीचा पाठवा.

---

डार्करूम_1984

पश्चिमवारा ह्यांचा मुद्दा अगदी टाकाऊ नाही, म्हणून नीट उत्तर देतो. मी आमच्या जिल्ह्यात अशा छोट्या स्पर्धांचं परीक्षण चार-पाचदा केलंय. फोटो धुण्याच्या धंद्यात हयात गेली, प्रिंट कसा दिसेल हे मी डोळे मिटून सांगू शकतो.

परीक्षकाच्या बाजूनं बघा. समोर दोनशे फोटो येतात. त्यात चाळीस गवे, तीस शेकरू, वीस धनेश, उरलेले सूर्यास्त. चाळीस गव्यांपैकी तीस पहिल्या फोटोसारखे असतात: एकटा, धारदार, मागं पिवळं गवत. सगळे चांगले. तीस चांगल्यांतून एक निवडायचा म्हटला की परीक्षक केसभर फरक शोधत बसतो आणि तिथं लाखाची लेन्स जिंकते. तुमची 55-250 तिथं हरते, तुमचा दोष नसताना. दुसऱ्या फोटोसारखा मात्र दोनशेत एकच असतो.

रवाळपणाची भीती बाळगू नका. धुक्यात दाणा मुरतो. फिल्मच्या दिवसांत 400 आयएसओची फिल्म ओढून 1600 ची असल्यासारखी धुवायचो, ह्याच्यापेक्षा जाड दाणा यायचा आणि तेच प्रिंट लोकांनी जपून ठेवलेत. मोबाइलवर बघून ठरवू नका. जवळच्या लॅबमध्ये एक 12 बाय 18 चा मॅट कागदावर काढा, ग्लॉसी नको. हातभर लांब धरून बघा. वाफ दिसतेय का? पिल्लाचा डोळा दिसतोय का? बस, मग पाठवा.

आता काही कामाच्या गोष्टी, कारण चांगले फोटो ह्या क्षुल्लक कारणांनी बाद होताना मी बघितलेत.

मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल, जपा. निकालाआधी मागतात. तुम्ही जेपेग काढला असेल तर कार्डावरची न हात लावलेली मूळ फाइल तशीच ठेवा, व्हॉट्सॲपवरून आलेली नव्हे. व्हॉट्सॲप फाइल दाबतं आणि आतली तारीख, वेळ, शटरची माहिती गाळून टाकतं.

नॉइज, म्हणजे हाच दाणा, काढायला हल्ली एआयची साधनं आली आहेत. हात आखडता घ्या. ती दाणा काढताना नसलेले केस घालतात, गव्याच्या अंगावर मांजरासारखी लव येते. बऱ्याच स्पर्धांना ते चालतही नाही. कॉन्ट्रास्ट थोडा, सावल्या थोड्या उघडा, झालं.

आरशाचा तुकडा कापू नका. पुसू तर अजिबात नका, पुसणं म्हणजे फोटोतलं काढून टाकणं, तिथं बाद होतो. पण कापायची परवानगी असली तरीही तो ठेवा असं माझं मत. त्या आरशामुळं बघणारा बसमध्ये बसतो. पिल्लाच्या डोळ्यात दिव्याची चमक आली असेल तर तीही राहू द्या, रात्री हिंडणाऱ्या जनावरांचे डोळे तसेच चमकतात.

गट ‘अधिवास’ निवडा. ‘वन्यजीव’मध्ये टाकलात तर बस का दिसते म्हणून कुणीतरी हटकेल. अधिवासात तीच बस जमेची बाजू होते. मघाशी ज्या लंडनच्या स्पर्धेचा विषय निघाला त्याच स्पर्धेत 2016 साली आपल्या मुंबईच्या नयन खानोलकरांना शहरी गटाचं पहिलं बक्षीस मिळालं. फोटो कशाचा? आरे कॉलनीतल्या वारली वस्तीच्या अरुंद बोळातून रात्री चालत येणारा बिबट्या. घराच्या भिंती, बोळ, मिणमिणता उजेड आणि बिबट्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला माणसं आणि जनावर कसे राहतात ते त्या एका फोटोत कळतं. नुसता बिबट्याचा चेहरा पाठवला असता तर हजारो बिबट्यांत गेला असता.

उजेडाचं स्पष्ट लिहा. काही स्पर्धांना रात्री सर्चलाइट मारून काढलेले फोटो चालत नाहीत आणि ते योग्यच आहे. तुमच्या बाबतीत गाडी वेळापत्रकाप्रमाणे रस्त्यावर होती, दिवे डिप होते, इंजिन बंद होतं. हे ओळीत लिहून टाका, लपवल्यासारखं नको.

आणि दोन बारीक गोष्टी. फॉर्मवर ‘बायसन’ लिहू नका. बायसन अमेरिकेत आणि युरोपात, आपला तो गवा, वेगळं जनावर. जुन्या शिकाऱ्यांनी लावलेलं नाव अजून पाट्यांवर आहे म्हणून लोक लिहितात. दुसरं, कळप जिथं ओलांडतो ते नेमकं वळण फॉर्मवर देऊ नका, फाइलमध्ये जीपीएस असेल तर काढा. ‘राधानगरी अभयारण्य’ एवढं पुरे. नाहीतर पुढच्या डिसेंबरात त्या वळणावर दहा गाड्या दिवे लावून उभ्या राहतील.

तिसऱ्याबद्दल सडा_आणि_सावली ह्यांनी सगळं सांगितलंय. मी एवढंच म्हणतो, फाइल डिलीट करू नका. ठेवा.

---

पश्चिमवारा

डार्करूमकाका, दोनशेत चाळीस गवे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मत बदलतो. दुसरा पाठवा.

---

मुक्कामाची_गाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस लिहू शकलो नाही, ड्युटी सलग होती.

काल कोल्हापुरात 12 बाय 18 चा मॅट प्रिंट काढला. लॅबमधला पोरगा आधी म्हणाला, काका हा रवाळ येणार. प्रिंट बाहेर आला तेव्हा त्यानंच उचलून धरला आणि विचारलं, वाफ आहे का ही? मी हो म्हटलं. त्यानं आतल्या माणसाला बोलावून दाखवला.

प्रिंट घेऊन संध्याकाळी डेपोत गेलो. त्या दिवशीचे ड्रायव्हर आता दुसऱ्या मार्गावर आहेत, पण भेट झाली. त्यांना प्रिंट दाखवला, आजऱ्याच्या ताईंचा नमस्कार सांगितला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “मी इंजिन बंद केलं कारण माझ्या वडलांच्या बैलगाडीपुढं गवा आला होता तेव्हा त्यांनी बैल थांबवले होते. गव्याला वाट आधी, असं आमच्यात होतं.” अकरा वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. फॉर्मवर त्यांचं नाव घालता येतं का असं स्पर्धावाल्यांना विचारलं, तर एकाच नावाची जागा आहे म्हणाले. म्हणून खालच्या ओळीत चालकाचा उल्लेख करतोय.

तिसऱ्या फोटोचं. सडा_आणि_सावली, तुमचं वाचून मी रात्री उठून बसलो होतो. ऊन थेट वाटीत पडत होतं हे मीच लिहिलं होतं आणि ते काय आहे हे मला तुमच्या उत्तरातून कळलं. फोटो पाठवत नाही. फाइल ठेवलीय. सासुरवाडीच्या घरी मेहुण्याच्या पोराला पक्ष्यांचा नाद लागलाय, मोबाइल घेऊन ओढ्याला हिंडत असतो. दसऱ्याला जाईन तेव्हा त्याला तो फोटो दाखवणार आणि मग त्या करवंदीपाशी नेऊन फांदी कुठं होती तेही दाखवणार. फांदी आता परत आडवी आलीय असं बायकोनं सांगितलं.

फॉर्म भरून झाला. गट अधिवास. ‘बायसन’ लिहिलं होतं ते खोडून ‘गवा’ केलं. फोटोखालची ओळ अशी लिहिलीय, चुकलं असेल तर सांगा:

“राधानगरी अभयारण्य, डिसेंबर, पहाट. रस्ता ओलांडणाऱ्या कळपातलं मागं राहिलेलं चौदावं जनावर. प्रकाश थांबलेल्या एसटीच्या दिव्यांचा. चालकानं इंजिन बंद केलेलं.”

आजऱ्याच्या ताई, एकच शंका राहिली. सगळीकडं ‘गव्याचं पिल्लू’ छापलेलं असतं. आमच्याकडं कुणी तसं बोलत नाही, वासरूच म्हणतात. ‘जनावर’च्या जागी काय घालू?

---

आजऱ्याची_लेक

वासरू.